आगीचा बंब आणि सुभानराजांचं न्हाणं

हं, मृदंग जरा हळू. पेटीवाले, स्वर तेवढा धरून ठेवा. आणि मागं खांबाला टेकून बसलेली मंडळी, जरा पुढं सरका बघू! खांबाला टेकलं की डोळा लागतो. मला इथून सगळं दिसतं हो!

गाभाऱ्यात देव उभा आहे. त्याला नमस्कार केला, तुम्हालाही केला, आता मुद्द्यावर येतो. मंडळी, ऐका! आज एक प्रश्न आणलाय. माणसाचं शिकणं संपतं कधी?

काय? कोण बोललं ते? — “दहावीला!” — वा! शाब्बास! टाळी द्या त्यांना. काहींचं खरंच दहावीला संपतं, आणि काही जण तर दहावीवर इतकं प्रेम करतात की सोडवतच नाही! पण मी तुमचं-माझं नाही विचारत. मी विचारतोय पुढं उभं राहणाऱ्या माणसाचं. ज्याच्या एका शब्दावर गाव हलतं, ज्याच्या सहीवाचून काम अडतं, ज्याला बघून लोक उठून उभे राहतात — त्याचं शिकणं कधी संपतं? पदवी मिळाल्यावर? खुर्ची मिळाल्यावर? गळ्यात हार पडल्यावर?

उत्तर देण्याची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

संस्थानांच्या काळात मोरवंड नावाचं एक छोटं संस्थान होतं. छोटं म्हणजे किती? एका टोकाला राजा शिंकला तर दुसऱ्या टोकाचा माणूस “शतायुषी व्हा” म्हणायचा — एवढं! तिथले राजे सुभानराव. माणूस चांगला हो! हात सढळ, मन निर्मळ, न्यायाला पक्का. कितीतरी वर्षं काशीला राहून शिकून आलेला. व्याकरण झालं, न्यायशास्त्र झालं, ज्योतिष झालं. गुरूंनी शाल घातली, पदवी दिली — विद्यावारिधी! म्हणजे विद्येचा समुद्र!

आता समुद्र म्हटल्यावर त्यात आणखी पाणी कशाला ओतायचं? राजे परत आले आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? गावजेवण घातलं! कशाचं? विद्यासमाप्तीचं! मंडळी, बारशाचं जेवण ऐकलंय, लग्नाचं ऐकलंय, पण शिकणं संपलं म्हणून श्रीखंड-पुरी? लोक जेवले, ढेकर दिला, घरी गेले. आणि थोड्याच दिवसांत सुभानरावांनी कुणालाही काहीही विचारणं बंद केलं. समोरचा बोलायला लागला रे लागला, की राजे हात वर करायचे — “कळलं!”

शेतकरी म्हणतोय, “महाराज, बंधाऱ्याला खालून —” 
“कळलं!” 
वैद्य म्हणतोय, “महाराज, या औषधाचं पथ्य —” 
“कळलं!” 
पथ्य काय ते वैद्याच्या पोटात राहिलं, आणि औषध राजाच्या पोटात जाऊन काय करायचं ते करून बसलं! तीन दिवस दरबार भरला नाही. का भरला नाही, ते इथं आयाबाया बसल्यात, मी सांगत नाही.

आता एक व्यापारी त्या संस्थानात यायचा. कासमशेठ. बंदरावरचा माणूस, गलबतं बाळगून होता. मोरवंडच्या पेठेत त्याचा माल खपायचा, आणि राजांनी त्याला कधी त्रास दिला नव्हता. त्या उपकाराची जाण ठेवून त्यानं एक नजराणा आणला. चार बैल जुंपून आणला हो! दरबाराच्या अंगणात उभा केला. भला मोठा लाकडी हौद, आतून तांब्याचा पत्रा, वर पितळी झाकण, त्याच्या बाजूला एक पितळी तोटी, दोन्ही अंगांना लांबच लांब दांडे सुतळीनं बांधलेले, एक चामड्याची नळी वेटोळी करून ठेवलेली, आणि खाली चार चाकं.

कासमशेठनं मुजरा केला. “महाराज, विलायतेहून मागवला. आगीचा बंब आहे.”

झालं! राजांच्या डोळ्यांपुढं काय आलं? तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं असतं? न्हाणीघर! आपल्याकडं बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचा. खाली निखारे, वर पाणी. राजे मनात म्हणाले, आगीचा बंब! अहो, बंब आगीचाच असायचा, बर्फाचा बंब कुणी पाहिलाय?

“कळलं!” राजे म्हणाले.

कासमशेठ बिचारा म्हणतो, “महाराज, आपली पेठ सगळी गवती छपरांची. मी येता-जाता बघतो, मला भीती वाटते. म्हणून —” 
“कळलं, कळलं!” 
“हे दांडे असे धरून —” 
“शेठ! आम्ही काशीला होतो.” 
“पण महाराज, ही नळी कुठं लावायची ते तरी —” 
“शेठजी, तुम्ही दमलात. जेवून घ्या.”

आता राजानं जेवून घ्या म्हटल्यावर काय करणार? कासमशेठ जेवला, पान खाल्लं, आणि गलबत सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

बंब गेला न्हाणीघरात! दार पाडून आत घ्यावा लागला. न्हाणीघराचा कारभारी होता अंतोबा. तो बंबाभोवती फिरला. खाली वाकून बघितलं — लाकूड! लाकडाखाली विस्तव कसा घालायचा? त्याच्या मनात प्रश्न आला. पण विचारायचा कुणाला? राजांना सगळं कळलंय. आणि राजांना कळलंय ते आपल्याला कळत नाही असं म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी! मग अंतोबानं वरचं पितळी झाकण उघडलं, हौद पाण्यानं भरला, आणि पेटते निखारे पाटीभर घेतले आणि दिले आत टाकून! चर्रर्र! धूर झाला, वाफ झाली, काळं पाणी उसळलं. पाणी तापलं का? नाही! कोळसा विझला मात्र चांगला.

राजे आले. पाटावर बसले. पहिला तांब्या अंगावर घेतला — पौषातली सकाळ, पाणी बर्फ, आणि रंग शाईसारखा! दात असे वाजायला लागले — टाळकरी, जरा वाजवा बघू — हां, असे! आता राजांनी काय म्हणायला पाहिजे होतं? “अरे अंतोबा, हे पाणी गार का? काळं का?” एवढंच! पण राजे म्हणाले, “वा... वा... काय क-क-कडकडीत पाणी!”

अंतोबाही म्हणाला, “चटका बसतोय महाराज, मलाही इथवर जाणवतोय!”

आणि ते दोन लांब दांडे? राजे म्हणाले, पंचे वाळत घालायला. नळी? न्हाणीघरातलं सांडपाणी मागच्या परसात सोडायला. आणि चाकं? मंडळी, न्हाणीघरातल्या बंबाला चाकं कशाला हो? राजा काय बंबात बसून फिरायला जाणार होता? पण एकाच्याही तोंडून हा प्रश्न निघाला नाही. दिवाण गोविंदपंत धडफळे होते, सरदार होते, शास्त्रीमंडळी होती. सगळे शिकलेले. सगळे गप्प!

रोज सकाळी राजे आत जाताना गोरे आणि बाहेर येताना काळे. कानामागं काजळी, नाकात काजळी. दरबार म्हणायचा, “काय तेज आलंय महाराजांना!” राजे खूश झाले की मान म्हणून एखाद्या सरदाराला बंबातलं पाणी पाठवायचे. ज्याच्यावर मर्जी तो काळा! कुणाची किती वट आहे ते तोंडावरून ओळखावं. दिवाण धडफळे तर इतके मर्जीतले, की अंधारात नुसते दातच दिसायचे.

आता राजांची राणी — दर्याबाई. बाई हुशार, आणि हुशारपेक्षाही चौकस. एकदा रात्री त्या राजांच्या पाठीवरची काजळी पुसता पुसता म्हणाल्या, “त्या शेठजींना विचारलं का हो, हा बंब चालतो कसा?” 
“विचारायचं? आम्ही?” 
“का? विचारलं तर काय होईल?” 
“राणीसाहेब, आम्ही काशीला शिकलो.” 
“काशीला बंब शिकवतात?”

राजांनी उशी जवळ ओढली. मग खाली बघत हळूच म्हणाले, “काशीहून आलो तो पहिला दरबार. एक म्हातारा म्हणाला, माझी गाय आटली. मी विचारलं, आटली म्हणजे काय? सगळा दरबार हसला, राणीसाहेब. हा धडफळे तर उपरणं तोंडात कोंबून हसला. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा विचारायचं नाही.”

पेटीवाले, थांबवा जरा. मंडळी, ऐकलंत? हा माणूस उर्मट नव्हता हो! हा माणूस भ्यालेला होता. विद्येचा समुद्र, आणि पोटात भीती — लोक हसतील! हसणारे तर त्याच दिवशी संध्याकाळी विसरले. आणि इथं एक राजा त्या हसण्यापायी वर्षानुवर्षं तोंड मिटून बसला, आणि वर काळ्या पाण्यानं न्हातोय! वर्गात पोरानं हात वर केला की खुदकन हसणारे इथं किती जण आहेत? राहू द्या, हात वर करू नका. देव बघतोय.

राणीसाहेब म्हणाल्या, “हसले तर हसले. तुम्हीही हसायचं होतं त्यांच्याबरोबर.” राजांना ते पटलं की नाही कोण जाणे. कूस बदलून झोपले.

वैशाख उजाडला. भर दुपार. पेठेत भडभुंज्याची भट्टी, चुरमुरे भाजणं चाललेलं. भडभुंजा केरबा आणि त्याची बायको मैना. वाऱ्याची एक झुळूक आली आणि भट्टीतली ठिणगी उडाली ती थेट छपरावर! गवत ते, वाळून कोरडंठाक झालेलं. भडकलं! केरबाचं घर पेटलं, शेजारचं पेटलं, त्याच्या शेजारचं पेटलं. बाया पोरं काखेत मारून पळतायत, कुणी गाय सोडतंय, कुणी देव्हारा उचलतंय. आणि आळीच्या टोकाला काय? धान्याचं कोठार! अख्ख्या संस्थानाचं पावसाळ्याचं धान्य! ते गेलं तर चार महिने खायचं काय?

बोंब राजवाड्यापर्यंत गेली. आणि आता राजांचा चांगुलपणा बघा बरं का. पळून नाही गेले! धोतराचा काचा मारला आणि अनवाणी पेठेत धावले. राणीसाहेब पदर खोचून मागोमाग. विहिरीवर रांग लावली. घागरीमागून घागर, पण पाणी फेकलं तर किती उंच जाणार? माणसाच्या डोक्याएवढं! आणि आग छपराच्या शेंड्यावर नाचतेय. खालच्याला वरून ठिणग्या, वरच्याला खालून पाणी नाही!

राजे ओरडले, “अंतोबा! न्हाणीघरातला बंब भरलेला आहे ना? आण ओढून! तेवढं तरी पाणी होईल!”

पंधरा-वीस गड्यांनी बंब ओढला. बघा, शेवटी चाकं कामाला आली! पेठेचा रस्ता तुम्हाला माहीत आहे — म्हणजे मोरवंडचा नाही, आपला माहीत आहे — तसाच तो! खड्ड्यात चाक आदळलं, बंब धाडकन हलला, आणि दांड्यांना बांधलेली सुतळी तटकन तुटली. बंब कोठारासमोर उभा राहिला. धुरानं राजांचे डोळे झोंबत होते. दांड्यावर त्यांचा पंचा वाळत होता. तोंड पुसायला म्हणून त्यांनी तो जोरात ओढला. पंचा अडकलेला. दांडा आला खाली —

फस्सऽऽ!

पितळी तोटीतून काळ्या पाण्याची ही एवढी जाड धार सुटली आणि थेट दिवाण धडफळ्यांच्या तोंडावर! दिवाण उताणे! पगडी एकीकडं, दिवाण दुसरीकडं!

 आग तडतडतेय, आणि लोक राजाकडं बघतायत. मंडळी, हा क्षण बघा. राजा आत्ताही म्हणू शकत होता — “कळलं!” शंभर तोंडं लगेच म्हणाली असती, महाराजांना आधीपासून ठाऊक होतं! पण सुभानरावांनी एकदा हातातल्या दांड्याकडं बघितलं, एकदा कोठाराकडं बघितलं.  आणि भर पेठेत, सगळ्या प्रजेसमोर, तो विद्येचा समुद्र म्हणाला —

“हे पाणी असं उडालं कसं? मला काही कळत नाहीये रे! मला या यंत्रातलं काही म्हणजे काहीही कळत नाही! कुणाला सुचतंय का?”

 आणि मग जो गलका उठला! इतके दिवस ओठांवर दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर!

“महाराज, एक दांडा खाली गेला की दुसरा वर येतो!” 
“महाराज, ती तोटी वळते, मी बघितलंय!” 
“नळीचं तोंड आणि तोटीचं तोंड एकाच मापाचं आहे, मला पहिल्या दिवसापासून वाटतंय!” — हा अंतोबा! 
कुणीतरी म्हणालं, “बैल लावा!” कुणी म्हणालं, “आधी पूजा करा!” चुकीचंही पुष्कळ होतं हो. चालायचंच! 

“मग बोलला का नाहीस?” राजे अंतोबावर ओरडले. 
“आपण विचारलं नाहीत, महाराज!”

 आता भांडायला वेळ नव्हता. नळी आणायला माणूस पळाला. तोवर राजांनी दांडा धरला, पण एकट्याला पेलेना. समोरचा दांडा कुणी धरला? दर्याबाई राणीसाहेबांनी! राजा खाली, राणी वर. राणी खाली, राजा वर. जत्रेतल्या पाळण्यासारखं! संस्थानातल्या लोकांनी असं दृश्य जन्मात पाहिलं नव्हतं.

नळी आली. घाईत बसवली उलटी! दाबला दांडा, आणि सांध्यातून असा फवारा उडाला की राजा, राणी, अंतोबा सगळे चिंब. राजे ओरडले, “उलटी आहे! काढा, फिरवा! परत!” मंडळी, चूक झाली आणि राजा चिडला नाही. म्हणाला, परत! दुसऱ्यांदा बसली. दोन्ही दांड्यांना माणसं लोंबकळली, त्यात काळ्या तोंडाचे दिवाणही आले. विहिरीवरून घागरी हौदात रिकाम्या व्हायला लागल्या. नळीचं टोक राजांनी छातीशी धरलं. आणि धार गेली ती छपरावर! कोठाराच्या वळचणीला आग लागलीच होती, ती विझली. लोकांनी जी आरोळी ठोकली! टाळ्या! वाजवा, तुम्हीही वाजवा!

कोठार वाचलं. अर्धी पेठ वाचली.

पण केरबाची आळी जळाली. ती वाचली नाही. जिवाला कुणाच्या धक्का लागला नाही, ही देवाची कृपा. पण घरं गेली. आणि तो बंब, मंडळी, पौषापासून न्हाणीघरात उभा होता.

संध्याकाळी लोक पांगले. राजे गेले नाहीत. केरबाच्या घराचा उंबरठा तेवढा शिल्लक होता, त्यावर जाऊन बसले. समोर केरबा आणि मैना राखेतून तवा-पातेली शोधत होती. राजे म्हणाले, “केरबा, कासमशेठ मला सांगत होता. मी त्याला बोलू दिलं नाही. ऐकलं असतं तर तुझ्या घराची आग पहिल्या ठिणगीलाच विझली असती. हे घर माझ्यामुळं गेलं.”

केरबा काय बोलणार? राजाला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’ म्हणायचं? तो आपला हात जोडून उभा. मैना मात्र राजांकडं टक लावून बघत होती. तिला राहवेना. म्हणाली, “महाराज, घर तुम्ही बांधून द्याल, मला म्हाईत हाय. पर एक इचारू का? रागावू नका.” 
“विचार, बाई.” 
“आमी भट्टीशी बसतो, आमी काळं. तुमी राजे असून रोजच्याला काळं कशापायी हो? समदी पेठ इचारतिया एकमेकाला!”

राजांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग चिंब भिजलेल्या राणीकडं बघितलं. आणि हसायला लागले! राणीसाहेब हसल्या, मैना हसली, शेवटी केरबाही हसला. राखेच्या ढिगात बसून चौघं डोळ्यांत पाणी येईतो हसली. कितीतरी वर्षांनी सुभानराव स्वतःवर हसले, आणि त्यांच्या लक्षात आलं — अरे, याचीच भीती वाटत होती मला? हे तर गोड आहे!

घरं बांधली. राजांनी स्वतः उभं राहून बांधवून घेतली, आणि गवंड्याला इतके प्रश्न विचारले की गवंडी म्हणाला, “महाराज, भिंत पडंल, जरा गप बसा!” राजे चांभारवाड्यात जाऊन नळीला ठिगळ लावायला शिकले, त्यात चामडं भोकायची आर बोटाला टोचून घेतली. विणकराच्या मागावर बसले, सूत तोडलं. दर पंधरवड्याला पेठेत बंब चालवायची तालीम व्हायची, आणि नळी उलटी बसवली तर काय होतं हे राजे हौसेनं करून दाखवायचे. सुरुवातीला दरबार हसला. हसू दे! मग हळूहळू दरबारही विचारायला लागला. दिवाण धडफळ्यांनी एकदा चाचरत विचारलं, “महाराज, पोहायला शिकायला माझं वय झालं का हो?” राजे म्हणाले, “चला, मीही येतो!” दोघं नदीत उतरले. पुढचं विचारू नका — गावानं दोघांना बाहेर काढलं. पण दुसऱ्या दिवशी परत उतरले, हे लिहून ठेवा!

तर मंडळी, गोष्ट राजाची झाली. आता तुमच्याकडं वळतो. असे कुठं बघताय? राजा नसेल आपल्या गावात, पण सोसायटीचे चेअरमन आहेत, समोरच बसलेत, नमस्कार! सरपंचबाई आहेत. शाळेचे हेडमास्तर आहेत. आणि प्रत्येक घरात कुणीतरी आहे ज्याचा शब्द शेवटचा असतो. पदवी घेतलीत, आनंद आहे. ती मिळवायला कष्ट पडलेत, तिचा मान राखा. पण ती ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापर्यंतचं तुम्हाला येत होतं! त्यानंतर जग कुठल्या कुठं गेलं. माती बदलली, बियाणं बदललं, औषधं बदलली, पोरांची भाषा बदलली. सुनेला विचारा की, ते मोबाईलवर पैसे कसे पाठवतात? विचारत नाही! दुकानात उभे राहतात आणि म्हणतात, आज चष्मा आणला नाही! 

साध्या माणसानं विचारलं नाही तर त्याचं एकट्याचं अडतं. पुढारी विचारायचा थांबला की त्याच्याभोवतीची सगळी माणसं बोलायची थांबतात, आणि त्याची झळ लागते भलत्यालाच, ज्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. म्हणून ज्याला देवानं पुढं उभं केलंय, त्यानं दुप्पट विचारावं. चुकावं, भिजावं, हसून घ्यावं.

आता आरतीची वेळ झाली. पण आधी एक करू. इतका वेळ मी बोललो, तुम्ही ऐकलंत. आता तुम्ही मला विचारा. काहीही! लाजू नका. हां, त्या पहिल्या रांगेतल्या आजी, बोला! काय म्हणता?

आजी विचारतायत, “महाराज, पाणी तर खाली वाहतं. मग दांडा दाबला की ते वर कसं चढतं?”

अं... म्हणजे, आजी, असं बघा — दांडा दाबला की... आत जे पाणी असतं, ते... हवा असते ना, ती... 

आजी, मला माहीत नाही! शप्पथ सांगतो, माहीत नाही! आयुष्यात कितीदा हापशावर पाणी भरलं, पण हे मनात आलंच नाही माझ्या. वा आजी! हेडमास्तर, तुम्ही उठताय? या. तो पंपवाला सदाशिवही उठला? अरे, तूही ये! बायांमधूनही हात वर झालाय, या ताई, पुढं या. पुजारीबुवा, निरांजन जरा थांबवा. देवाला कसलीही घाई नाही, त्यालाही ऐकू दे. हं, आजी, तुम्ही इथं माझ्या शेजारी बसा. बोला मास्तर, अगदी पहिल्यापासून सांगा — मी ऐकतोय!